जुना टॅब घेण्यापूर्वी त्याचे उरलेले आयुष्य कसे मोजावे

जुना टॅब हातात आला की बहुतेक ग्राहक काचेवरचे ओरखडे पाहतात, कडांचा रंग उडाला आहे का ते पाहतात आणि 'किती वर्षं वापरलाय?' असे विचारतात. यावरून टॅबची निगा कशी राखली गेली याचा थोडाफार अंदाज येतो. पण तो यापुढे किती वर्षे कामाचा राहील, हे कळत नाही. पैसे मात्र आपण पुढच्या वर्षांसाठीच मोजत असतो. त्यामुळे जुन्या टॅबची पारख करताना मागच्या वापरापेक्षा उरलेले आयुष्य मोजायला शिकणे महत्त्वाचे आहे, आणि थोडी माहिती व तासाभराची सवड असेल तर ते कोणालाही जमण्यासारखे आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न आता वारंवार समोर येतो. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा ऑनलाइन भरत होत्या, तेव्हा अनेक घरांत मुलांसाठी टॅब घेतले गेले. वर्ग पूर्ववत सुरू झाल्यावर त्यांतले बरेच कपाटात गेले आणि आता एम. जी. रोडवरच्या मोबाईलच्या दुकानांत, ऑनलाइन जाहिरातींत आणि ओळखीपाळखीतून विक्रीला येत आहेत. दुसरीकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी, बागेच्या फवारणीच्या नोंदी ठेवणारे दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष उत्पादक आणि मोठ्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचू इच्छिणारे ज्येष्ठ नागरिक यांना नव्या टॅबचा खर्च अनेकदा अनावश्यक वाटतो. या सर्वांना जुना टॅब उत्तम उपयोगी पडू शकतो, मात्र निवड डोळसपणे झाली पाहिजे.

आयुष्य कुठे संपते

टॅब सहसा मोडून बंद पडत नाही. तो फोनइतका खिशातून पडत नाही, दिवसभर हातात नसतो आणि वारंवार चार्जही होत नाही, त्यामुळे त्याचे शरीर फोनपेक्षा जास्त टिकते. त्याचे आयुष्य संपते ते तीन ठिकाणी: बॅटरीत, सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये आणि रॅम-स्टोरेजच्या तुटवड्यात. यांपैकी बॅटरी वापरामुळे व उष्णतेमुळे झिजते आणि खर्च करून बदलता येते. रॅम आणि आतले स्टोरेज जन्मतःच ठरलेले असते व वाढवता येत नाही. अपडेटची मुदत तर ते मॉडेल बाजारात आले त्या वेळेपासून सुरू होते, आपण ते कधी विकत घेतले याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे सील न फोडलेला पण पाच वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा टॅब हा या बाबतीत पाच वर्षे जुनाच असतो. 'डबा फोडलेला नाही' या वाक्यावर जास्तीचे पैसे देण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी: काम ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी टॅबवर नेमके काय करायचे आहे ते कागदावर लिहून काढावे. केवळ पीडीएफ वाचणे, व्याख्याने पाहणे आणि व्हिडिओ कॉल करणे एवढेच काम असेल तर चार-पाच वर्षे जुने मॉडेलही पुरते. पेनने नोट्स काढायच्या असतील तर मॉडेलची यादी एकदम आखडते, कारण प्रत्येक पेन प्रत्येक टॅबला चालत नाही. सहाव्या ते नवव्या पिढीच्या साध्या आयपॅडला अॅपल पेन्सिलची पहिली आवृत्ती लागते, दुसरी आवृत्ती त्यांना जोडलीच जात नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटसोबत एस पेन डब्यातच येत असे, त्यामुळे जुना घेताना पेन सोबत आहे का आणि टोक झिजलेले नाही ना, हे पाहावे. पेन हरवलेला टॅब स्वस्त दिसतो खरा, पण वेगळ्या पेनची किंमत मिळवली की तो स्वस्त राहत नाही.

सिमचा टॅब घ्यावा की फक्त वाय-फायचा, हेही आधीच ठरवावे. ज्यांना टॅबवर यूपीआय वापरायचे आहे त्यांनी हे जाणून घ्यावे की यूपीआयच्या नोंदणीसाठी त्याच उपकरणातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, म्हणून फक्त वाय-फायच्या टॅबवर ती होत नाही. बागेचे क्षेत्र मोजणे किंवा नकाशावर प्लॉट आखणे असे काम असेल तर आणखी एक बारकावा आहे: फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, ते केवळ सिमच्या आयपॅडमध्ये असते. अँड्रॉइडच्या वाय-फाय टॅबपैकी अनेकांत जीपीएस असते, पण मॉडेलनिहाय खात्री करावी. सिमचा टॅब घेत असाल तर तो फोरजीवर चालणारा असलाच पाहिजे.

दुसरी पायरी: अपडेटचे गणित

सेटिंग्जमध्ये जाऊन मॉडेलचे नेमके नाव आणि क्रमांक पाहावा. विक्रेता 'आयपॅड आहे, चांगला आहे' एवढेच सांगत असेल तर ते पुरेसे नाही, कारण एकाच चेहऱ्याच्या दोन पिढ्यांमध्ये दोन-तीन वर्षांच्या आयुष्याचा फरक असू शकतो.

आयपॅडचा आजवरचा इतिहास पाहिला तर मॉडेल बाजारात आल्यापासून साधारण सहा ते आठ वर्षे त्याला नवी आवृत्ती मिळत गेली आहे. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला आयपॅडओएस या आयपॅडच्या प्रणालीच्या १५ पर्यंतच्या आवृत्त्या मिळाल्या. २०१७ चा पाचव्या पिढीचा आयपॅड १६ वर थांबला, २०१८ चा सहाव्या पिढीचा १७ वर आणि २०१९ चा सातव्या पिढीचा १८ वर. २०२५ मध्ये १८ नंतर थेट आलेली आयपॅडओएस २६ ही आवृत्ती सातव्या पिढीला मिळाली नाही. २०२० च्या आठव्या पिढीला मात्र मिळाली. म्हणजे दिसायला जवळजवळ एकसारख्या असलेल्या या दोन आयपॅडपैकी एकाचे दार बंद झाले आहे आणि दुसऱ्याचे अजून उघडे आहे. मुख्य आवृत्त्या थांबल्यावरही अॅपल काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहते, पण त्या काळाची हमी धरून पैसे गुंतवू नयेत.

अँड्रॉइडमध्ये कंपनीनुसार आणि मालिकेनुसार मोठा फरक पडतो. सॅमसंगचा २०२० चा गॅलेक्सी टॅब ए७ अँड्रॉइड १० वर आला आणि १२ वर थांबला. २०२२ च्या टॅब एस८ मालिकेला कंपनीने चार नव्या आवृत्त्या व पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर केल्या, २०२३ च्या एस९ मालिकेलाही तेच, आणि २०२४ च्या एस१० मालिकेला सात वर्षे. यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की जुन्या बाजारात कमी किमतीच्या मालिकेतला नवा टॅब घेण्यापेक्षा वरच्या मालिकेतला एक-दोन वर्षे जास्त जुना टॅब घेणे बहुधा फायद्याचे ठरते. त्याचा पडदा, वेग आणि अपडेट तिन्ही जास्त काळ साथ देतात.

हातातल्या टॅबची प्रत्यक्ष स्थिती पाहण्यासाठी सेटिंग्जच्या अगदी तळाशी 'अबाउट टॅबलेट' उघडावे आणि 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' या नावाखालची तारीख वाचावी. ती तारीख वर्षभराहून जुनी असेल आणि अपडेट शोधूनही काही मिळत नसेल, तर त्या टॅबवर बँकेचे व्यवहार, कार्यालयीन ईमेल किंवा महत्त्वाची कागदपत्रे ठेवू नयेत. वाचन आणि व्हिडिओपुरता तो चालेल, पण त्याच भावाने घ्यावा. ही धोक्याची बाब दूरची नाही: गुगलच्या क्रोमने १३८ व्या आवृत्तीनंतर अँड्रॉइड ८ आणि ९ ला सोडले, म्हणजे त्या टॅबवर ब्राउझरसुद्धा आता जुनाच राहणार. एकेक अॅप 'हे आपल्या उपकरणावर चालणार नाही' असे म्हणू लागले की टॅब चालू असूनही निकामी होतो.

तिसरी पायरी: रॅम आणि स्टोरेज

अँड्रॉइडमध्ये चार जीबीपेक्षा कमी रॅम आणि ६४ जीबीपेक्षा कमी स्टोरेज असलेला टॅब घेऊ नये. ३२ जीबीच्या टॅबमध्ये प्रणाली व सोबतची अॅप मोठी जागा व्यापतात, उरलेली जागा महिन्याभरात भरते, आणि मग अपडेट उतरवून घ्यायलाही जागा उरत नाही. मेमरी कार्ड टाकून फोटो आणि व्हिडिओ ठेवता येतात, पण त्याने टॅबचा वेग वाढत नाही. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी प्रकारचे संथ स्टोरेज असते, महागड्यांत यूएफएस प्रकारचे वेगवान. चार-पाच अॅप एकामागून एक उघडून पुन्हा पहिल्यावर आल्यास हा फरक लगेच जाणवतो. आयपॅड कमी रॅमवरही नीट चालतो, परंतु आठव्या पिढीचा ३२ जीबीचा नमुना टाळून १२८ जीबीचा शोधावा.

अनोळखी नावाच्या टॅबवर लिहिलेल्या '१२ जीबी, ५१२ जीबी' अशा आकड्यांवर विश्वास ठेवू नये. अशा काहींत सेटिंग्जमध्ये दिसणारा आकडाच खोटा असतो. मोठी फाइल प्रत्यक्ष कॉपी करून पाहिली की खरे काय ते समजते. असे टॅब वापरलेले असोत वा नवे, माझा सल्ला एकच आहे: घेऊ नका.

चौथी पायरी: बॅटरीची परीक्षा

बॅटरीवर थोडे जास्त थांबणे भाग आहे, कारण जुन्या टॅबमध्ये सर्वांत जास्त फसवणूक आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

अॅपल सांगते की आयपॅडची बॅटरी अनुकूल परिस्थितीत १,००० पूर्ण चक्रांनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली असते. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के वापरले तर दोन दिवसांत एक चक्र होते. या हिशोबाने रोज अर्धी बॅटरी वापरणाऱ्याचा आयपॅड साडेपाच वर्षांच्या आसपास त्या टप्प्यावर येईल. परंतु 'अनुकूल परिस्थिती' हे शब्द विसरू नयेत. लिथियम बॅटरीचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि टोकाचा चार्ज. अॅपल वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान सुचवते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीकडे जातो. उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून कितीतरी वर. अशा गाडीत ठेवलेला टॅब दोन वर्षांतच थकलेला आढळू शकतो.

त्यामुळे विक्रेत्याला 'किती वर्षे वापरला' याऐवजी 'कुठे आणि कसा वापरला' असे विचारावे. दुकानाच्या काउंटरवर बिले करण्यासाठी ठेवलेला टॅब दिवसरात्र चार्जरला लागलेला असतो, शंभर टक्क्यांवर आणि कोमट. अशा टॅबची बॅटरी फुगण्याचा संभव जास्त. याउलट 'दोन वर्षं कपाटातच होता, हातच लावला नाही' हेही आश्वासक नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच पडून राहिली तर ती कायमची निकामी होऊ शकते. ऑनलाइन शाळेच्या काळातल्या अनेक टॅबांची हीच स्थिती आहे. असा टॅब असेल तर तो आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तपासावा.

फुगलेली बॅटरी ओळखण्याची रीत अशी: टॅब कव्हरमधून बाहेर काढावा, बंद करून डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरावा आणि वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेवर सरळ रेषेत पडेल असा फिरवावा. काच सपाट असेल तर ती रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ सरकते. मधल्या भागात ती वाकत असेल, तर आतून काच उचलली जात आहे. मग चारही कडांवरून नख फिरवावे. एका बाजूला काच आणि फ्रेम यांच्यामध्ये फट जाणवली, किंवा अंगठ्याने हलके टेकवल्यावर काच खाली-वर झाली, तर टॅब परत द्यावा. तिथे जोराने दाबू नये, फुगलेली बॅटरी दाबल्यास पेट घेऊ शकते. शेवटी टॅब पाठीवर काचेच्या काउंटरवर ठेवून तो डुलतो का तेही पाहावे. वाकलेली फ्रेम तशी सापडते.

क्षमता पाहण्यासाठी २०२४ पासून आलेल्या आयपॅडमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागातच टक्केवारी आणि चक्रांची संख्या दिसते. त्याआधीच्या आयपॅडमध्ये ती दाखवलेली नसते. मॅक संगणकाला जोडून कोकोनटबॅटरीसारख्या साधनाने ती वाचता येते. सॅमसंगच्या टॅबमध्ये सॅमसंग मेंबर्स अॅपच्या चाचण्यांत बॅटरीची स्थिती कळते. हे काहीच शक्य नसेल तर साधी चाचणी करावी: टॅब साधारण ८० टक्क्यांवर असताना पूर्ण उजेड ठेवून वाय-फायवर अर्धा तास व्हिडिओ चालवावा. पाच ते आठ टक्के उतरले तर बॅटरी बरी आहे. बारा-पंधरा टक्के उतरले, किंवा आकडा मधूनच चार-पाच टक्के उडी मारत असेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा. शंभर टक्क्यांवरून सुरू केलेली चाचणी फसवी असते, कारण अनेक टॅब सुरुवातीचा आकडा बराच वेळ धरून ठेवतात.

बॅटरी बदलणे फोनइतके सोपे नसते हेही सांगितले पाहिजे. बहुतेक टॅबमध्ये ती गोंदाने चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायला आधी पडदा गरम करून उचलावा लागतो. त्यात काच तडकण्याचा धोका असतो. कारागिराला आधीच विचारावे की काच गेली तर जबाबदारी कोणाची. मूळ बॅटरी मिळेल का, हेही महत्त्वाचे आहे. अॅपल एखाद्या उत्पादनाची विक्री थांबवल्यापासून किमान पाच वर्षे सुटे भाग देते, सात वर्षांनंतर सहसा देत नाही. म्हणून फार जुन्या आयपॅडला बाजारातली नकली बॅटरी लावण्यापेक्षा तो न घेतलेलाच बरा.

पाचवी पायरी: पडदा, स्पर्श आणि बाकीचे अवयव

पूर्ण पांढरे चित्र उघडून उजेड कमाल करावा आणि पिवळट किंवा जास्त पांढरे डाग शोधावेत. दाब पडलेल्या पडद्यावर असे डाग राहतात. मग काळे चित्र लावून सावलीत कडांवरचा उजेड पाहावा. सॅमसंगच्या वरच्या मालिकेतील अमोलेड पडद्यांवर करड्या रंगाचे चित्र लावल्यास कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट सावली उमटलेली दिसू शकते. तशी सावली कधी जात नाही.

स्पर्श तपासण्यासाठी एखाद्या अॅपचे चिन्ह बोटाने धरून उचलावे आणि न सोडता, शेतात नांगराचे तास ओढावेत तसे, एकाला लागून एक असे आडवे पट्टे काढत वरून खालपर्यंत आणावे. चिन्ह एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा सुटत असेल तर त्या पट्ट्यात स्पर्श मेला आहे. त्यानंतर टॅब चार्जरला लावून दोन मिनिटे हात न लावता ठेवावा. अॅप आपोआप उघडत असतील तर बिघाड पडद्यात किंवा चार्जरमध्ये आहे. दुसरा चार्जर लावून खात्री करावी.

पडदा बदललेला असल्यास तो मूळ कंपनीचा आहे की कॉपी, हे विचारावे. कॉपी पडद्याचे रंग फिके असतात, बाजूने पाहिल्यास चित्र निळसर होते आणि पेन बहुधा नीट चालत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने एक उपयुक्त गोष्ट म्हणजे पाचव्या ते दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि आतला डिस्प्ले वेगवेगळे असतात, त्यामुळे केवळ काच फुटल्यास तेवढीच बदलून भागते. आयपॅड एअर २ पासूनच्या एअरमध्ये आणि प्रो मालिकेत दोन्ही एकत्र चिकटवलेले असल्यामुळे पूर्ण कॉम्बो बदलावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. घरात लहान मुले असतील तर हा मुद्दा निवडीत मोजावा.

चार्जिंगची पिन लावून हलकेच हलवावी, चार्ज तुटता कामा नये. सर्व स्पीकर, माइक, दोन्ही कॅमेरे, बटणे आणि स्क्रीन फिरणे पाहावे. वाय-फाय राउटरपासून दहा-पंधरा पावले लांब जाऊन व्हिडिओ अडखळतो का तेही पाहावे. चित्रपट-मालिका पाहण्यासाठी अँड्रॉइड टॅब घेत असाल तर डीआरएमची, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेची, माहिती दाखवणारे एखादे मोफत अॅप टाकून त्यात वाइडवाइन या अशा व्यवस्थेची पातळी एल१ आहे याची खात्री करावी. एल३ असल्यास नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देत नाहीत, पडदा कितीही चांगला असो.

सहावी पायरी: कुलूप उघडल्याशिवाय पैसे नाहीत

सर्व काही उत्तम असूनही टॅब आपला होत नाही, असे घडू शकते. आयपॅडमध्ये अॅक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडमध्ये फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन अशी कुलपे असतात. जुन्या मालकाचे खाते न काढता टॅब पुसला तर तो पुन्हा त्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि त्याशिवाय चालत नाही. म्हणून विक्रेत्याने आपल्यासमोर स्वतः आपले खाते काढावे, मग टॅब पूर्ण पुसावा, आणि त्यानंतर आपण आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब जोडून सुरुवातीपासून चालू करावा. इंटरनेट जोडणे इथे अत्यावश्यक आहे. काही संस्थांनी दिलेल्या टॅबवर दूरस्थ व्यवस्थापनाचे नियंत्रण असते आणि त्याची सूचना टॅब इंटरनेटला जोडल्यावरच समोर येते. वाय-फायची पायरी वगळून चालू करून दाखवलेला टॅब घरी गेल्यावर कुलूपबंद होऊ शकतो.

अशा नियंत्रणाचे टॅब तीन मार्गांनी बाजारात येतात: कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना दिलेले, शिकवणी कंपन्यांनी अभ्यासक्रमासोबत दिलेले आणि सरकारी योजनांतून विद्यार्थ्यांना मिळालेले. महाज्योतीसारख्या संस्था परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब देतात. ते त्या मुलांच्या शिक्षणासाठी असतात, आणि कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. हप्त्यावर घेतलेल्या टॅबचे हप्ते थकले तर वित्त कंपनीही तो दुरून बंद करू शकते, तेव्हा हप्ते फिटल्याचे पत्र पाहावे.

'पासवर्ड मुलाला माहीत आहे, तो पुण्याला असतो, संध्याकाळी फोनवर सांगतो' असे कोणी म्हणाले तर त्यांना संध्याकाळीच भेटावे. पैसे आणि टॅब यांची देवाणघेवाण आपल्या खात्याने टॅब चालू झाल्यावरच व्हावी.

सातवी पायरी: कागद

मूळ बिल, डबा आणि सेटिंग्जमधला अनुक्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. सिमच्या टॅबला आयएमईआय क्रमांक असतो. तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा अॅपवर टाकून उपकरण चोरीचे म्हणून बंद केलेले नाही ना, हे पाहता येते. फक्त वाय-फायच्या टॅबला आयएमईआय नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत बिलाचे महत्त्व दुप्पट होते. बिल हरवले असेल तर विक्रेत्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिलेली सहीची पावती घ्यावी. चोरीचा माल असल्याचे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

ऑनलाइन जाहिरातीवरून व्यवहार करताना आगाऊ रक्कम पाठवू नये आणि कोणी 'पैसे मिळण्यासाठी' म्हणून पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नये. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. भेट दिवसा, कॉलेज रोडसारख्या वर्दळीच्या जागी ठेवावी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. दुकानातून रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, टॅब घेत असाल तर वॉरंटी किती महिन्यांची आहे आणि त्यात बॅटरी व पडदा धरले आहेत का, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी वॉरंटीला अर्थ नसतो. ठरावीक ब्रँड निवडण्यापूर्वी त्याचे अधिकृत सेवा केंद्र नाशिकमध्ये आहे का, तेही कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे, नाहीतर लहानशा दुरुस्तीसाठी टॅब मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो.

भाव कसा ठरवावा

नव्या टॅबच्या किमतीशी तुलना करून 'अर्ध्यात मिळतोय' असे म्हणणे योग्य नाही. मागितलेल्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवावा आणि त्या बेरजेला सुरक्षेच्या अपडेटची उरलेली वर्षे घेऊन भागावे. समजा, एक टॅब ८,००० रुपयांना मिळतो आहे, त्याला बॅटरीसाठी २,५०० रुपये लागतील आणि अपडेटचे दीड वर्ष उरले आहे. तो वर्षाला ७,००० रुपयांना पडला. दुसरा १६,००० रुपयांचा आहे, बॅटरी चांगली आहे आणि चार वर्षे उरली आहेत. तो वर्षाला ४,००० रुपयांना पडतो. स्वस्त वाटणारा टॅब प्रत्यक्षात महाग निघाला. हीच भागाकाराची पद्धत नव्या टॅबलाही लावून पाहावी. सवलतीच्या काळात एखादा नवा टॅब जुन्यापेक्षा वर्षाला कमी पडतो आणि मग जुना घेण्याचे कारणच उरत नाही. ज्यांना केवळ डाउनलोड केलेली पुस्तके वाचायची आहेत, त्यांनी अपडेटऐवजी बॅटरीची अपेक्षित वर्षे धरली तरी चालेल.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी सर्व अपडेट उतरवून घ्यावेत, आपले खाते आणि स्क्रीन लॉक लावावे आणि नको असलेली अॅप काढून टाकावीत. नंतरचा पहिला आठवडा टॅब भरपूर वापरावा, म्हणजे लपलेला दोष परतीच्या मुदतीत समोर येईल. चार्ज शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. अनेक सॅमसंग टॅबमध्ये आणि नव्या आयपॅडमध्ये ८० टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोय आहे, ती सुरू करावी. उन्हाळ्यात चार्ज करताना जाड कव्हर काढावे आणि टॅब उशीवर किंवा गादीवर न ठेवता फरशीवर वा लाकडी टेबलावर ठेवावा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून बंद करावा व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावा.

बदललेली जुनी बॅटरी कारागिराकडे तशीच सोडून येऊ नये आणि ती घंटागाडीतल्या कचऱ्यातही टाकू नये, कारण दाबली गेल्यास तिथे आग लागू शकते. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर जुन्या उपकरणांच्या योग्य विल्हेवाटीची जबाबदारी आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे बॅटरी द्यावी, आणि ती फुगलेली असेल तर नेईपर्यंत धातूपासून दूर, कोरड्या वाळूच्या डब्यात, घराच्या बाहेरच्या बाजूला ठेवावी.